उघड्या चाव्या आणि अचानक वाढलेला दाब

मेंदूला रक्त नेणाऱ्या मानेतल्या कॅरोटिड धमनीचं ऑपरेशन चांगलं झालं, जखम सुकतेय, चार-पाच दिवसांत माणूस घरी आला. आणि मग डोकं ठणकायला लागतं. ज्या बाजूचं ऑपरेशन झालं त्याच बाजूला, कपाळात, डोळ्यामागे. घरचे म्हणतात, दगदग झाली, गोळी घेऊन पडा जरा. इथेच घात होऊ शकतो.

नळाला पाणी करंगळीएवढं येत असलं की आपण चावी पूर्ण उघडून ठेवतो. मेंदूही तेच करतो. शरीराच्या वजनात त्याचा वाटा जेमतेम 2 टक्के, पण हृदयातून निघालेल्या रक्तापैकी सुमारे 15 टक्के त्याला लागतं. मानेतली मोठी धमनी चरबीच्या थराने अरुंद झाली की आतल्या बारीक धमन्या होतील तितक्या रुंदावतात. एरवी बीपी वर-खाली झालं तरी त्या आवळून-सैलावून प्रवाह सांभाळतात. पण वर्षानुवर्षं ताणून राहिल्यावर आवळण्याची त्यांची ताकदच जाते. मग सर्जन तो थर काढतो किंवा स्टेंट बसतो, आणि पूर्ण दाबाचं रक्त उघड्या चाव्यांतून आत घुसतं.

त्यात भर म्हणजे, बीपीची खबर मेंदूला देणारे मज्जातंतू नेमके याच धमनीच्या फाट्यावर असतात. ऑपरेशनमध्ये ते दुखावले की बीपी उसळू शकतं.

प्रवाह आधीच्या दुपटीच्या वर गेला की डॉक्टर त्याला हायपरपर्फ्युजन म्हणतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे थोराल्फ सुंट आणि सहकाऱ्यांनी 1981 साली त्याचं वर्णन केलं. त्रास होतो तो शंभरात साधारण एक ते तिघांना, पण होतो तेव्हा मेंदूला सूज येते, फीट येते, हातपाय लुळे पडतात. सगळ्यात वाईट म्हणजे मेंदूत रक्तस्राव. वरून बघणाऱ्याला वाटतं, पुन्हा गुठळी अडकली. खरं तर रक्त कमी पडलेलं नसतं, जास्त झालेलं असतं, आणि गुठळी समजून रक्त पातळ करणारी औषधं वाढवली तर जीवावर बेतू शकतं. म्हणून आधी स्कॅन.

स्टेंटनंतर हा त्रास बहुधा पहिल्याच दिवशी दिसतो; ऑपरेशननंतर मात्र सहाव्या दिवसाच्या आसपास, म्हणजे पेशंट घरी असताना. उपचाराचा गाभा एकच, बीपी आवरणं. त्यासाठी लॅबेटॅलॉलसारखी औषधं देतात. धमन्या आणखी फुलवणारं नायट्रोग्लिसरीन शक्यतो टाळतात. महिनाभर बीपीचं मशीन उशाशी असू द्या. एका बाजूचं डोकं ठणकलं तर लगेच मोजा, आणि आकडा चढलेला असो वा नसो, सर्जनला फोन करा, मध्यरात्र असली तरी.