स्टेनलेस स्टीलवरील निकेलचा मुलामा उतरवणे

सोलपटणारे, फोड आलेले किंवा खरवडले गेलेले निकेल प्लेटिंग काढून जॉब (मुलामा दिलेली वस्तू) पुन्हा वापरात आणण्याची रासायनिक पद्धत. प्लेटिंगच्या कारखान्यांत तिला ‘स्ट्रिपिंग’ म्हणतात. यासाठी नायट्रिक आम्ल वापरतात, कारण त्यात निकेल विरघळते, पण स्टेनलेस स्टीलमधील क्रोमियमवर ऑक्साइडचा अतिसूक्ष्म पापुद्रा धरतो आणि खालचा धातू वाचतो.

तीव्र नायट्रिक आम्ल आणि क्षारविरहित पाणी समप्रमाणात, आकारमानाने, घेतात. आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात कधीही नाही. अतितीव्र आम्लात निकेलही निष्क्रिय होऊन अडून बसते, म्हणून पाणी हवेच. जॉबवरचे तेल-ग्रीस आधी पूर्ण काढावे. निकेलवर क्रोमचा थर असेल तर आम्ल आत पोचत नाही. तो कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात जॉब धन ध्रुवाला जोडून आधी उतरवतात. निकेल विरघळताना द्रावण हिरवे होत जाते. बुडबुडे थांबले की जॉब लगेच काढून भरपूर पाण्याने धुवावा. फॉस्फरस जास्त असलेले इलेक्ट्रोलेस (विजेशिवाय, रासायनिक क्रियेने चढवलेले) निकेल बरेच हळू उतरते.

काम बिघडते ते बहुतेकदा क्लोराइडमुळे. नळाचे पाणी किंवा हायड्रोक्लोरिक आम्लातून नीट न धुता आलेला जॉब एवढ्यानेही टाकीत क्लोराइड शिरते, पापुद्रा फुटतो आणि पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात. ते पॉलिशनेही सहज जात नाहीत. स्टेनलेस स्टीलचे ३०३ आणि ४१६ हे गंधकयुक्त प्रकार ३०४ पेक्षा लवकर खाल्ले जातात, त्यामुळे आधी एक नमुना बुडवून पाहणे शहाणपणाचे.

आम्लापासून धातूला वाचवणारा हाच पापुद्रा पुन्हा प्लेटिंग करताना आड येतो. त्यावर थेट चढवलेले निकेल पकड घेत नाही. म्हणून आधी वुड्स निकेल स्ट्राइक, म्हणजे पकड घेणारा निकेलचा पातळ पहिला थर, देतात. त्याचे द्रावण: लिटरला २४० ग्रॅम निकेल क्लोराइड आणि सुमारे १२५ मिलिलिटर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल. मूळ मुलामा सुटण्याचे कारणही पुष्कळदा हीच गाळलेली पायरी असते.

प्रक्रियेत निघणारा तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड अत्यंत घातक आहे. श्वासात गेल्यावर माणूस ठीक वाटतो आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरते. म्हणून त्रास नसला तरी डॉक्टरांकडे नेऊन देखरेखीखाली ठेवावे. धूर ओढणारी यंत्रणा नसेल तर हे काम करू नये. सांडलेल्या आम्लावर लाकडाचा भुसा टाकू नये, तो पेट घेतो. वापरलेले द्रावण चुन्याने किंवा कॉस्टिकने सामू ९ ते १०.५ पर्यंत नेऊन निकेलचा गाळ वेगळा काढतात. भारतात नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्यात निकेलची सर्वसाधारण मर्यादा लिटरला ३ मिलिग्रॅम आहे.