प्रशिक्षक बदलल्यावर नेमके काय बदलते?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर पहिला गोल भारताने केला, पण सामना सिंगापूरने २-१ असा जिंकला आणि २०२७ च्या आशियाई फुटबॉल चषकाचे दार भारतासाठी बंद झाले. क्रमवारीत आपल्याहून खाली असलेल्या संघाने घरच्या मैदानावर केलेला हा पराभव जिव्हारी लागणारा होता. खालिद जमील यांची प्रशिक्षकपदी नेमणूक होऊन तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते. त्यांच्याआधी मानोलो मार्केझ यांनी जुलै २०२५ मध्ये पद सोडले होते, आणि मार्केझ यांच्याआधीचे इगोर स्टिमॅक यांना विश्वचषक पात्रता फेरीतील अपयशानंतर जून २०२४ मध्ये दूर करण्यात आले होते.

जामठ्याच्या स्टेडियममुळे नागपूरची ओळख क्रिकेटशी जोडली गेली असली, तरी कामठीत आणि मोहननगरात फुटबॉलचे वेड जुने आहे. तिथे राष्ट्रीय संघाचा विषय निघाला की बोलणे बहुधा ‘याला काढा, त्याला आणा’ इथवर येऊन थांबते. हे बोलणे खेळावरील प्रेमापोटी होते, म्हणूनच त्यामागचा प्रश्न गांभीर्याने घ्यायला हवा: संघ हरतो किंवा जिंकतो त्यातला किती वाटा प्रशिक्षकाचा, किती खेळाडूंचा, आणि किती निव्वळ योगायोगाचा? संख्याशास्त्राने या प्रश्नावर बरेच काम केले आहे आणि त्याचे उत्तर आपल्या अंदाजापेक्षा बरेच वेगळे आहे.

सुरुवात गोलांपासून करावी लागते. फुटबॉलमध्ये गोल विरळ असतात. मोठ्या लीगमध्ये दोन्ही संघांचे मिळून सामन्याला सरासरी अडीच ते तीन गोल होतात. विरळ आणि बऱ्याच अंशी एकमेकींपासून स्वतंत्र अशा घटनांचे गणित फ्रेंच गणितज्ञ प्वासाँ यांच्या नावाने ओळखले जाते. १८९८ मध्ये बोर्टकिविच यांनी हेच गणित प्रशियाच्या घोडदळात घोड्याच्या लाथेने होणाऱ्या मृत्यूंना लावून दाखवले, आणि फुटबॉलच्या गोलांनाही ते चांगले लागू पडते. समजा, एक संघ सामन्याला सरासरी दीड गोल करतो आणि त्याचा प्रतिस्पर्धी एक. म्हणजे पहिला संघ दीडपट सरस आहे. तरीही या गणिताप्रमाणे तो सुमारे ४९ टक्के सामनेच जिंकेल. २६ टक्के बरोबरीत सुटतील आणि २५ टक्के तो चक्क हरेल. दोन्ही संघ तुल्यबळ असतील आणि प्रत्येकाची सरासरी सव्वा गोल असेल, तर त्यांपैकी एखादा संघ सलग पाच सामने विजयाविना राहण्याची शक्यता सुमारे दहा टक्के असते. अशा पाच सामन्यांनंतर कोणत्याही देशात प्रशिक्षकाच्या हकालपट्टीची मागणी होते. प्रत्यक्षात संघात काहीच बिघडलेले नसले, तरीही ती होते.

यापुढची गोष्ट वाचून पटत नाही, करून पाहिली की पटते. घरातला ल्युडोचा फासा घ्या. एक किंवा दोन पडले तर विजय, तीन किंवा चार पडले तर बरोबरी, पाच किंवा सहा पडले तर पराभव, असे ठरवा आणि फासा टाकत राहून निकाल ओळीने वहीत लिहून काढा. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. सलग तीन पराभव आले की तिथे एक रेघ मारा आणि समजा की महासंघाने प्रशिक्षक बदलला. मग रेघेनंतरच्या तीन सामन्यांचे गुण मोजा. रेघेच्या आधी गुण शून्य असतात, कारण रेघ मारण्याची अटच ती आहे. रेघेनंतर सरासरीने चार गुण मिळतात. एखाद्या वेळी कमी मिळतील, एखाद्या वेळी जास्त, पण पुष्कळ रेघा जमल्या की सरासरी चाराच्या आसपास येते. शून्यावरून चारावर! आता या कल्पित प्रशिक्षकाने फाशाला काय शिकवले? काहीही नाही. रेघ मारली नसती, तरी तेच निकाल आले असते.

याला सरासरीकडे परतणे म्हणतात. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडील आणि मुले यांच्या उंचीचा अभ्यास करताना ते नोंदवले: फार उंच आईवडिलांची मुले उंच असतात, पण सरासरीने आईवडिलांइतकी नसतात. मानसशास्त्रज्ञ डॅनिअल काहनेमन यांना हीच गोष्ट इस्रायली हवाई दलाच्या शिक्षकांत दिसली. ‘वाईट उड्डाणानंतर ओरडलो की शिकाऊ वैमानिक सुधारतो आणि चांगल्या उड्डाणानंतर कौतुक केले की बिघडतो,’ अशी त्या शिक्षकांची खात्री होती. त्यांचे निरीक्षण खरे होते, कारण मात्र त्यांना वाटत होते ते नव्हते. फार वाईट उड्डाणानंतरचे उड्डाण बहुतेक वेळा आधीपेक्षा बरेच होते. प्रशिक्षक सहसा कामगिरीचा तळ गाठलेला असतानाच बदलला जातो, आणि तळानंतर चढच असतो.

हा तर्क केवळ कागदावरचा राहू नये म्हणून डच अर्थशास्त्रज्ञ बास टेर वील यांनी नेदरलँड्सच्या लीगमधील १९८६ ते २००४ या काळातील सामने तपासले. ज्या क्लबांनी घसरणीनंतर प्रशिक्षक बदलला, त्यांच्या शेजारी त्यांनी तशीच घसरण सोसूनही प्रशिक्षक न बदललेले क्लब ठेवले. सुधारणा दोन्ही गटांत झाली, आणि बदल करणाऱ्यांची सुधारणा काही वेगळी दिसली नाही. मला या अभ्यासाचे मोल मोठे वाटते, कारण वर्तमानपत्रांतील चर्चेत नेमका हा दुसरा गट कधीच नसतो. ज्याला काढले नाही, त्याची बातमी होत नाही.

याचा अर्थ प्रशिक्षकाने काहीच फरक पडत नाही असा काढणे चूक ठरेल. सय्यद अब्दुल रहीम यांच्या कारकिर्दीत भारताने १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळवले आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान पटकावले. त्यांच्या कामाला योगायोग म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. पण रहीम १९५० पासून १९६३ पर्यंत त्या पदावर होते. इतक्या वर्षांच्या निकालांतून प्रशिक्षकाचा ठसा वाचता येतो. दहा सामन्यांतून तो का वाचता येत नाही, याचा हिशेब सोपा आहे. तुल्यबळ प्रतिस्पर्ध्यांशी खेळणारा संघ दहा सामन्यांत सरासरी चौदाच्या आसपास गुण मिळवतो, पण केवळ योगायोगाने हा आकडा दहा ते अठरा यांच्या दरम्यान सहज हेलकावतो. उत्तम प्रशिक्षक जर सामन्यामागे ०.२ गुणांची भर घालत असेल, तर दहा सामन्यांत त्याचे योगदान होते दोन गुणांचे, आणि ते या हेलकाव्यात बुडून जाते. दोन प्रशिक्षकांमधला एवढा फरक केवळ गुणांवरून खात्रीने ओळखायचा तर प्रत्येकाला तीनशेहून अधिक सामने द्यावे लागतील. राष्ट्रीय संघ वर्षाला दहा-बारा सामने खेळतो. क्लबच्या प्रशिक्षकापेक्षा राष्ट्रीय प्रशिक्षकाचा न्याय करणे म्हणूनच कितीतरी अवघड आहे, आणि तरी तो न्याय अधिक घाईने केला जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मग पाहायचे काय? निकालाऐवजी अपेक्षेशी तुलना केलेला निकाल पाहणे ही पहिली पायरी. ऑगस्ट २०१८ पासून फिफाची क्रमवारी याच तत्त्वावर चालते. पद्धत मूळ बुद्धिबळातली, अर्पाद एलो या हंगेरियन-अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाची. दोन संघांच्या क्रमवारीतील गुणांच्या फरकावरून आधी अपेक्षित निकाल काढला जातो; फरक ५०० गुणांचा असेल तर कमकुवत संघाचा अपेक्षित वाटा १ पैकी सुमारे ०.१३ येतो. पात्रता फेरीत हा संघ हरला तर त्याचे तीनच गुण जातात, बरोबरी साधली तर नऊ मिळतात. आणि तुल्यबळ संघाकडून हरला तर मात्र साडेबारा गुण जातात. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस आणि सप्टेंबरच्या सुरुवातीस झालेल्या मध्य आशियाई संघटनेच्या नेशन्स कपमध्ये भारत इराणकडून ०-३ असा हरला, पण ताजिकिस्तानला २-१ असे हरवून आणि ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये नमवून तिसरा आला. या मापाने पाहिले तर इराणविरुद्धचा पराभव किरकोळ, आणि सिंगापूरविरुद्धचा त्याहून कितीतरी भारी.

दुसरी पायरी गोलांऐवजी गोलच्या संधी मोजण्याची आहे. गोलची चौकट ७.३२ मीटर रुंद असते. पेनल्टीच्या ठिपक्यावरून, म्हणजे ११ मीटरवरून, ती खेळाडूला सुमारे ३७ अंशांच्या कोनात दिसते. २५ मीटरवरून समोरूनच पाहिली तरी तो कोन १७ अंशांवर येतो, आणि बाजूला सरकले की आणखी आक्रसतो. अंतर, कोन, फटका पायाने मारला की डोक्याने, अशा गोष्टी विचारात घेऊन प्रत्येक फटक्याला गोल होण्याची संभाव्यता देता येते. पेनल्टीला ती साधारण पाऊण असते, दुरून मारलेल्या फटक्याला शंभरात तीन-चारच. या संभाव्यतांची बेरीज म्हणजे अपेक्षित गोल. एखादा संघ हरत असूनही त्याचे अपेक्षित गोल प्रतिस्पर्ध्याहून सातत्याने जास्त असतील, तर प्रशिक्षकाला धीर देण्यासारखी परिस्थिती असते. उलट जिंकत असतानाच हा आकडा घसरत असेल, तर सावध व्हायला हवे.

राहिला निवडीचा प्रश्न. २०२५ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे या पदासाठी सुमारे १७० अर्ज आले आणि अंतिम यादीत जमील, स्टीफन कॉन्स्टंटाइन व स्टेफान तारकोविच ही तीन नावे राहिली. अशा वेळी निवड समितीची सर्वांत मोठी अडचण म्हणजे माणसाची एकच ठळक गोष्ट बाकी सगळ्यांवर प्रकाश टाकते. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्येच दाखवले होते की लष्करी अधिकारी आपल्या हाताखालच्या माणसांची शरीरयष्टी, बुद्धी आणि नेतृत्व यांना वेगवेगळे गुण देताना ते गुण एकमेकांशी नको इतके जुळवून टाकतात. जमील यांच्या बाबतीत ही ठळक गोष्ट म्हणजे २०१६-१७ ची आय-लीग ही देशातील क्लबांची स्पर्धा, जी त्यांच्या ऐझॉल एफसी या छोट्या क्लबने ३७ गुणांनी जिंकली. मोहन बागानचे गुण होते ३६. पराक्रम निःसंशय मोठा, पण तो १८ सामन्यांचा आणि एका गुणाच्या फरकाचा. एखादा चेंडू खांबाला लागून बाहेर गेला असता, तर तोच प्रशिक्षक तितक्याच क्षमतेचा असूनही उपविजेता म्हणून ओळखला गेला असता. त्यामुळे त्यांच्या एका विजेतेपदापेक्षा अनेक हंगामांत, मर्यादित पैशांच्या संघांकडून त्यांनी काय काढून घेतले, याला जास्त वजन द्यायला हवे, आणि माझ्या मते त्यांची खरी बाजू तीच आहे.

मुलाखतीची रीतही बदलता येते. काहनेमन यांनी १९५० च्या दशकात इस्रायली सैन्यासाठी आखलेल्या पद्धतीत प्रत्येक गुणाचे प्रश्न आधी ठरवलेले असत आणि त्या गुणाचा आकडा लिहिल्याशिवाय पुढच्या गुणाकडे वळायचे नसे. एकंदर मत सर्वांत शेवटी. फुटबॉलसाठी हे गुण सांगणे कठीण नाही: शिबिराच्या मोजक्या दिवसांत बचावफळीची रचना बसवता येते का, क्लबच्या प्रशिक्षकांशी जुळते का, तरुण खेळाडूंना किती संधी दिली, कमी साधनांत अपेक्षेपेक्षा किती जास्त मिळवले. समितीच्या प्रत्येक सदस्याने आपले आकडे चर्चेआधी, इतरांचे न पाहता लिहावेत, नाहीतर पहिल्या बोलणाऱ्याचेच मत समितीचे मत होते.

यासाठी लागणारी माहिती मात्र खालून यावी लागते. कामठीच्या किंवा मोहननगरच्या एखाद्या संघातला मुलगा उद्या राष्ट्रीय शिबिरात जाईल तेव्हा त्याच्या नावापुढे केवळ गोलांची संख्या असेल, तर वर सांगितलेले सारे गणित अडून पडते. नागपूर विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातील विद्यार्थ्यांनी जिल्हा लीगच्या सामन्यांना एक वही घेऊन बसावे, मैदानाचा नकाशा काढावा, प्रत्येक फटका कुठून मारला तिथे खूण करावी आणि शेजारी मिनिट, खेळाडूचा क्रमांक व पाय की डोके एवढे लिहावे. मैदानाच्या दोन्ही अर्धांसाठी दोन माणसे पुरतात. सामन्याला वीस-बावीस फटके धरले, तरी पंधरा सामन्यांत तीनशेहून अधिक नोंदी जमतात. तेवढ्याच सामन्यांत गोल होतात चाळीसच्या आसपास.