‘वेस्ट साइड स्टोरी’चा वाद रिमेकपेक्षा जुना

न्यूयॉर्कमधल्या दोन टोळ्यांच्या वैरात सापडलेल्या प्रेमिकांची गोष्ट सांगणारा, स्टीव्हन स्पीलबर्गचा संगीतमय सिनेमा ‘वेस्ट साइड स्टोरी’ १० डिसेंबर २०२१ रोजी अमेरिकेत लागला आणि प्रेक्षकांत तट पडले. एकांचं म्हणणं, याच नावाच्या १९६१च्या सिनेमाला हात लावायची गरजच काय होती? दुसरे खूश, कारण साठ वर्षांनी का होईना, पडद्यावर पोर्तो रिकन नायिका मारियाच्या भूमिकेत लॅटिन वंशाची मुलगी दिसली. तिसऱ्या गटाला जुना सिनेमाही नको होता आणि नवाही. त्यांचं भांडण पोर्तो रिकन माणसांना टोळीवाले म्हणून दाखवणाऱ्या मूळ गोष्टीशीच होतं. यातलं काहीच २०२१मध्ये सुरू झालेलं नाही.

१९४९मध्ये नृत्यदिग्दर्शक जेरोम रॉबिन्सने संगीतकार लिओनर्ड बर्नस्टाइन आणि लेखक आर्थर लॉरेंट्स यांच्यापुढे एक कल्पना मांडली: रोमिओ-ज्युलिएटची गोष्ट आजच्या न्यूयॉर्कमध्ये, एका बाजूला ज्यू, दुसऱ्या बाजूला कॅथलिक. नाव ठरलं ‘ईस्ट साइड स्टोरी’. ते बारगळलं. १९५५मध्ये लॉस एंजेलिसमधल्या मेक्सिकन वंशाच्या पोरांच्या टोळ्यांच्या बातम्या वाचताना बर्नस्टाइन आणि लॉरेंट्सना वाटलं, हेच न्यूयॉर्कमध्ये आणता येईल. तिथे तेव्हा पोर्तो रिकोहून, म्हणजे अमेरिकेच्या ताब्यातल्या कॅरिबियन बेटावरून, लोंढेच्या लोंढे येत होते. १९१७च्या कायद्याने ही माणसं अमेरिकेची नागरिक झाली होती, पण शेजारपाजारच्यांच्या लेखी परकीच.

म्हणजे पोर्तो रिकन माणसं या गोष्टीत आली ती ऐनवेळी, आधीच तयार असलेल्या साच्यात. लिहिणाऱ्या चौघांपैकी एकही त्यांच्यातला नव्हता. तरुण गीतकार स्टीफन सोंडहाइमने तर आधी आढेवेढेच घेतले होते. आपण कधी इतकी गरिबी पाहिलेली नाही आणि एकही पोर्तो रिकन माणूस आपल्या ओळखीचा नाही, असं त्याचं म्हणणं होतं. पुढच्या सगळ्या तक्रारींचं मूळ मला इथेच दिसतं.

२६ सप्टेंबर १९५७ रोजी हे संगीत नाटक ब्रॉडवेवर, न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, आलं आणि त्याचे ७३२ प्रयोग झाले. ‘अमेरिका’ या गाण्यात पोर्तो रिकोला रोगराईचं, कुरूप बेट म्हटलं होतं. त्यावर तेव्हाच आक्षेप आले. १९६१च्या सिनेमात हे गाणं बऱ्यापैकी बदललं. रंगमंचावर ते फक्त मुलींचं होतं, पडद्यावर मुली विरुद्ध मुलगे असा सामना झाला आणि अमेरिकेतल्या भेदभावालाही चार शब्द सुनावले गेले. ‘कूल’ आणि ‘जी, ऑफिसर क्रप्की’ या गाण्यांच्या जागा अदलाबदल झाल्या. तेव्हा ‘मूळ कलाकृतीची मोडतोड’ म्हणून स्पीलबर्गवर तुटून पडणाऱ्यांचं मूळ स्वतःच एक रूपांतर आहे.

त्या सिनेमाने ११ नामांकनांपैकी १० ऑस्कर जिंकले. रॉबर्ट वाइजबरोबर दिग्दर्शन करणाऱ्या रॉबिन्सला चित्रीकरण चालू असतानाच काढून टाकलं होतं, तरी दिग्दर्शनाचा ऑस्कर दोघांना मिळून मिळाला. नताली वूड मारिया झाली. तिची गाणी मार्नी निक्सनने गायली आणि श्रेयनामावलीत निक्सनचं नाव नव्हतं. (पार्श्वगायनावर पोसलेल्या आपल्याला यात दडवण्यासारखं काय, असंच वाटेल.) पोर्तो रिकन टोळीचा म्होरक्या बर्नार्डो झाला ग्रीक वंशाचा जॉर्ज चकिरिस. प्रमुख नटांत पोर्तो रिकोत जन्मलेली एकच, बर्नार्डोची प्रेयसी अनिता झालेली रीटा मोरेनो, आणि पोर्तो रिकन दिसावं म्हणून इतर नटांना लावलेला गडद तपकिरी मेकअप तिच्याही चेहऱ्यावर थापला गेला. याबद्दल ती पुढे अनेकदा बोलली आहे.

या गोष्टीचे पडसाद आपल्याकडेही उमटले. २०००चा मन्सूर खानचा ‘जोश’ गोव्यातल्या वास्कोत घडतो: दोन टोळ्या, एका म्होरक्याची बहीण, दुसऱ्याचा भाऊ. सांगाडा ओळखीचा आहे. शेवट मात्र हिंदी सिनेमाला झेपेल असा.

स्पीलबर्ग आणि पटकथाकार टोनी कुशनर यांनी जुन्या तक्रारी समोर ठेवूनच काम केलेलं दिसतं. सिनेमा उघडतो तो पाडापाडीवर. लिंकन सेंटर हे कलासंकुल उभारण्यासाठी न्यूयॉर्कमधली सॅन हुआन हिल ही वस्ती उठवली गेली, हजारो कुटुंबं बेघर झाली. दोन्ही टोळ्या ज्या जमिनीसाठी भांडतात ती दोघांच्याही पायाखालून चाललेली आहे. १९६१च्या सिनेमाचा काही भाग याच रिकाम्या होत चाललेल्या गल्ल्यांत चित्रित झाला होता, पण त्यात हा विषय नाही. मारिया झाली रेचल झेगलर, तिची आई कोलंबियन वंशाची. स्पॅनिश संवादांना उपशीर्षकं दिली नाहीत. स्पॅनिश भाषेला इंग्रजीच्या बरोबरीचं स्थान हवं, ही स्पीलबर्गची भूमिका. काही प्रेक्षक यावर वैतागले. मला हा निर्णय पटतो, कारण अर्थ बहुतेक वेळा चेहऱ्यावरूनच कळतो.

दुकानदार डॉकची जागा त्याच्या विधवेने, व्हॅलेंटिनाने घेतली आणि ती भूमिका वयाच्या नव्वदीला टेकलेल्या मोरेनोने केली. ‘समव्हेअर’ हे गाणं प्रेमिकांकडून काढून तिला दिलं. सगळ्या बदलांत सरस हाच: दोन तरुण जिवांचं स्वप्न होतं, ते आता एका अख्ख्या पिढीचं न फिटलेलं मागणं होतं.

सिनेमा पाहून बाहेर पडलेल्यांनी सिनेमास्कोरच्या पाहणीत त्याला ‘ए’ श्रेणी दिली. पंचाईत अशी की पाहायला फारसं कोणी गेलंच नाही. खर्च सुमारे १० कोटी डॉलर, जगभरची कमाई साडेसात कोटींच्या आसपास. कोरोनाची धास्ती होती, आठवड्याभरात नवा ‘स्पायडर-मॅन’ येऊन थडकला, आणि प्रदर्शनाच्या दोनच आठवडे आधी, २६ नोव्हेंबरला, सोंडहाइम गेला होता. अनिता झालेल्या अरियाना डिबोसला ऑस्कर मिळाला. १९६१च्या सिनेमातल्या याच भूमिकेसाठी मोरेनोला मिळाला होता.

तिसऱ्या गटाचं समाधान मात्र झालं नाही. नट बदलले, उच्चार सुधारले, तरी पोर्तो रिकन माणसांची अमेरिकेत सर्वाधिक पाहिली गेलेली गोष्ट अजूनही सुरे, टोळी आणि सूड यांचीच आहे आणि ती सांगणारेही बाहेरचेच. या आक्षेपाला स्पीलबर्गच्या सिनेमात उत्तर नाही.