नोली मे टांगेरे

‘नोली मे टांगेरे’ म्हणजे ‘मला स्पर्श करू नकोस’. योहानाच्या शुभवर्तमानात (२०:१७) आलेले येशूचे हे उद्गार जेरोमच्या ‘वुल्गाता’ या लॅटिन बायबलमधून युरोपभर रूढ झाले. पुनरुत्थानाच्या, म्हणजे क्रुसावर मेलेला येशू पुन्हा जिवंत झाल्याच्या पहाटे त्याची शिष्या मग्दालीया मरीया रिकाम्या कबरीपाशी रडत उभी असते. मागे उभा असलेला येशू तिला बागेचा माळी वाटतो. तो ‘मरीये’ अशी हाक मारतो, तेव्हा तिला ओळख पटते, आणि मग तो हे बोलतो.

मूळ ग्रीक शब्द आहेत ‘मे मू हाप्टू’. त्यातले क्रियापद चालू असलेली कृती थांबवायला सांगते, म्हणून अनेक अभ्यासक ‘मला धरून ठेवू नकोस’ असा अर्थ लावतात, आणि तोच प्रसंगाला अधिक शोभतो. मराठीत ‘शिवू नकोस’ म्हटले की विटाळाची आठवण येते. तो भाव इथे मुळीच नाही, कारण याच अध्यायात पुढे येशू थोमा या शिष्याला आपल्या कुशीतल्या जखमेत हात घालायला सांगतो.

चित्रकारांना हा क्षण फार भावला. पादुआच्या स्क्रोवेन्यी चॅपेलमध्ये जोत्तोने आणि फ्लॉरेन्सच्या सान मार्को मठातील एका खोलीच्या भिंतीवर फ्रा अँजेलिकोने तो रंगवला. सर्वांत हृद्य चित्र मात्र टिशियनचे (सुमारे १५१४). त्यात येशूच्या हातात माळ्याचे खोरे आहे. गुडघ्यांवर बसलेल्या मरीयेचा हात पुढे येताच तो अंगावरचे पांढरे वस्त्र आवरून घेतो, पण त्याच वेळी तिच्याकडे झुकतोही. नकार आणि माया अशा एकाच देहात दिसतात. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या नॅशनल गॅलरीने आपली चित्रे वेल्समध्ये हलवली होती. १९४२ मध्ये दर महिन्याला एक चित्र परत आणून दाखवायचे ठरले, तेव्हा पहिला मान याच चित्राला मिळाला.

जुन्या वैद्यकात चेहऱ्यावरच्या, हात लावल्यास चिघळणाऱ्या व्रणालाही हेच नाव होते. नेत्रवैद्य असलेले फिलिपिनो लेखक होसे रिझाल यांनी स्पॅनिश सत्तेखालील फिलिपिन्सचे दुखणे मांडणाऱ्या कादंबरीला हेच शीर्षक दिले. ती १८८७ मध्ये बर्लिनला छापली गेली, आणि तिच्या अर्पणपत्रिकेत समाजाच्या कर्करोगाचा उल्लेख आहे. ३० डिसेंबर १८९६ रोजी मनिलात रिझाल यांना गोळ्या घालून ठार करण्यात आले. १९५६ च्या कायद्याने ही कादंबरी तिथल्या शिक्षणात सक्तीची झाली.

वनस्पतिशास्त्रात ‘इम्पेशन्स नोली-टांगेरे’ ही पिवळ्या फुलांची युरोपीय वनस्पती आहे. पिकलेल्या शेंगेला बोट लागताच ती फुटते आणि बिया उडतात. आपल्याकडे गौरीसाठी आणला जाणारा तेरडा याच ‘इम्पेशन्स’ वंशातला. त्याची फुगलेली शेंग चिमटीत धरली की टरफले गुंडाळत कशी फुटतात, हे खेड्यातल्या मुलांना सांगावे लागत नाही.