सहकुटुंब हिमनदी-दर्शन : सिवर्डच्या बोटफेरीचे आरक्षण करण्यापूर्वी

उन्हाळ्यात मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला गेलेली अनेक कुटुंबे तेथूनच अलास्काचा बेत आखतात आणि त्या बेतात सिवर्डची बोटफेरी बहुधा असतेच. अँकरेजपासून रस्त्याने सुमारे २०० किलोमीटरवर असलेल्या या छोट्या बंदरगावातून किनाई फ्योर्ड्‌स राष्ट्रीय उद्यानाकडे बोटी जातात. १९८० साली स्थापन झालेल्या या उद्यानाच्या माथ्यावर हार्डिंग हिमक्षेत्र पसरलेले असून सुमारे १,८०० चौरस किलोमीटरच्या त्या बर्फातून जवळपास चाळीस हिमनद्या उतरतात. त्यांपैकी काही थेट समुद्रात येऊन थांबतात.

कोणती फेरी निवडावी, हा खरा प्रश्न आहे. सुमारे चार तासांची फेरी रेझरेक्शन उपसागरातच फिरते. पाणी बहुधा शांत असते, प्राणीही दिसतात, परंतु समुद्राला भिडलेली हिमनदी जवळून पाहायला मिळत नाही. त्यासाठी हॉलगेट किंवा आयालिक हिमनदीपर्यंत जाणारी सुमारे सहा तासांची फेरी घ्यावी लागते आणि वाटेत आयालिकच्या भूशिराला वळसा घालताना बोट अलास्काच्या आखाताच्या खुल्या पाण्यात येते. येथेच बोट लागते. आमच्या पहिल्या सहलीत मंडळींनी गोळ्या जवळ ठेवल्या होत्या, पण पोटात ढवळू लागल्यावर घेतल्या, त्यामुळे परतीचा निम्मा प्रवास त्यांनी डोळे मिटून काढला. गोळी डॉक्टरांना विचारून, बोट सुटण्यापूर्वी घ्यावी; उपाशीपोटी बसू नये आणि मळमळ वाटल्यास केबिनमध्ये न थांबता मागच्या डेकवर येऊन क्षितिजाकडे पाहावे. अगदी लहान मूल किंवा पाठीच्या दुखण्याने त्रस्त ज्येष्ठ सोबत असल्यास आम्ही चार तासांचीच फेरी सुचवतो. इतरांनी मात्र सहा तासांची चुकवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

याचे कारण हिमनदीसमोरचा तो अर्धा तास. कड्यावरून बर्फ कोसळण्याचा धोका असल्याने कप्तान बोट दूरच उभी करतो आणि इंजिन बंद करतो. मग आजूबाजूला तरंगणाऱ्या बर्फातून फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज येऊ लागतो. शतकानुशतके अडकलेले हवेचे बुडबुडे बर्फ वितळताना फुटत असतात. कड्याचा तुकडा निखळताना आधी दिसतो आणि गडगडाट क्षणभराने पोहोचतो, म्हणून आवाज ऐकून मान वळवणाऱ्याला उडालेले पाणीच तेवढे दिसते. मुलांना हे आधी सांगून ठेवावे. दाट बर्फ प्रकाशातील तांबडा रंग शोषून घेतो, त्यामुळे भेगा निळ्या दिसतात.

प्राण्यांची हमी कोणीही देऊ शकत नाही. आम्हीही देत नाही. तरीही समुद्री पाणमांजर बंदरातच पाठीवर तरंगताना दिसण्याचा संभव असतो. त्याच्या अंगावर चरबीचा जाड थर नसतो, थंडीपासून बचाव होतो तो केवळ अतिशय दाट केसांमुळे, म्हणून ते सतत अंग साफ करीत असते. चिझवेल बेटांच्या खडकांवर स्टेलर समुद्रसिंह आणि पफिन पक्षी, तर हिमनदीजवळच्या तरंगत्या बर्फावर सील आढळतात. हिवाळा हवाईच्या उबदार पाण्यात घालवणारे हंपबॅक देवमासे उन्हाळ्यात येथे खाण्यासाठी येतात. त्यांच्यापासून किमान १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९० मीटर, दूर राहण्याचा नियम आहे. कप्तानाला ‘अजून जवळ घ्या’ असा आग्रह कृपया करू नये.

जून-जुलैतही डेकवर बोचरा वारा असतो. लोकरीची टोपी, हातमोजे आणि पाणी न झिरपणारे जाकीट प्रत्येकाजवळ असावे. साडी नेसणाऱ्या भगिनींनी या दिवसापुरती सलवार किंवा पँट आणि न घसरणारे बूट वापरावेत, कारण डेक ओला असतो. शाकाहारी जेवणाची सोय बोटीनुसार बदलते, म्हणून आरक्षण करतानाच प्रत्येकाचे वय, आहार आणि प्रकृतीविषयी आवश्यक माहिती आम्हाला लेखी कळवावी. समुद्र खवळलेला असल्यास कप्तान मार्ग बदलू शकतो. अशा वेळी परतावा मिळेल की नाही, हे बोट कंपनीच्या अटींवर अवलंबून असते आणि त्या अटी आम्ही पैसे भरण्यापूर्वी आपल्याला वाचून दाखवतो.