पाऊस कोणाचा? कर्मेल डोंगरावरच्या झगड्यामागचा इतिहास

बायबलमधला देव वारा, पाऊस, गारा, टोळ, दुष्काळ, भूकंप अशा साऱ्यांना कामाला लावतो. नोहाचा जलप्रलय, इजिप्तवरच्या दहा पीडा, दुभंगलेला समुद्र, योनाच्या जहाजाला गाठणारे वादळ या कथा बहुतेकांनी ऐकलेल्या असतात. पण त्या कोणत्या मातीत रुजल्या आणि कोणाला उत्तर म्हणून सांगितल्या गेल्या, हे ठाऊक नसेल तर त्या नुसत्या चमत्काराच्या गोष्टी होऊन बसतात. या सगळ्यांची नाडी हाताला लागते ती पहिल्या राजांच्या पुस्तकात, एलीया संदेष्ट्याच्या तीन अध्यायांत (१७ ते १९). तिथे भांडण सरळ आहे. पाऊस पाडतो कोण?

हा प्रश्न इतका जिव्हाळ्याचा का, ते त्या देशाच्या भूगोलात आहे. इजिप्त नाईलवर जगे. वर आभाळात काहीही असो, नदीला पूर येई आणि शेत भिजे. कनान देशात, म्हणजे इस्राएली लोक जिथे वसले तिथे, तसे काही नव्हते. तिथली मोठी नदी यार्देन, पण ती समुद्रसपाटीखालच्या खोल खचदरीतून वाहते. वर डोंगरावरच्या शेतकऱ्याला तिचा काडीचा उपयोग नाही. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात हा फरक स्पष्ट सांगितला आहे: इजिप्तमध्ये तुम्ही भाजीच्या मळ्याला द्यावे तसे पायाने पाणी देत होता, आता जिथे जात आहात तो देश डोंगरखोऱ्यांचा आहे आणि आकाशातल्या पावसाचे पाणी पितो. त्याच्या पाठोपाठ बजावणी येते की दुसऱ्या देवांच्या मागे लागाल तर आकाश बंद होईल.

तिथला पाऊस आपल्या उलट, हिवाळ्यात पडतो. ऑक्टोबरच्या अखेरीस आगोटीचा पाऊस येतो, उन्हाळाभर दगड झालेली जमीन मऊ करतो, तेव्हा कुठे नांगर चालतो. मार्च-एप्रिलमधला वळवाचा पाऊस दाणा भरतो. त्यानंतर मेपासून सप्टेंबरपर्यंतचे पाच महिने जवळजवळ थेंब नाही. त्या काळात द्राक्षवेलींना आणि भाजीपाल्याला आधार असतो तो समुद्राकडून येणाऱ्या दंवाचा. जेरुसलेमला वर्षाकाठी सुमारे ५५० मिलिमीटर पाऊस होतो, म्हणजे आपल्या नगर-सोलापूर पट्ट्याच्या आसपास, आणि तोही एखाद्या वर्षी पाठ फिरवतो. म्हणून लोक चुनखडीच्या खडकात टाकी खोदून, आतून गिलावा करून पाणी साठवत. १९०८ साली गेजेर इथे सापडलेल्या चुनखडीच्या छोट्या पाटीवर, इ.स.पू. दहाव्या शतकातल्या अक्षरांत, वर्षाचे महिने शेतीच्या कामांनी मोजले आहेत: फळे गोळा करण्याचे, पेरणीचे, उशिराच्या पेरणीचे, जवाच्या कापणीचे. ज्याचे वर्षच पेरणी-कापणीने मोजले जाते, त्याच्या देवाला पावसाबद्दल बोलावेच लागते.

आणि पावसाचा एक देव तिथे आधीपासून होता. बआल.

बआलाबद्दल बायबल जे सांगते ते विरोधकांच्या तोंडून आलेले. त्याच्या भक्तांचे म्हणणे कळले ते फार उशिरा. १९२८ साली सीरियाच्या किनाऱ्यावर मिनेत एल-बेदा इथे एका शेतकऱ्याचा नांगर दगडी थडग्यावर अडकला. पुढच्या वर्षी क्लोद शेफर यांच्या नेतृत्वाखाली जवळच्या रास शाम्रा टेकडीवर उत्खनन सुरू झाले आणि उगारित हे नगर वर आले. इ.स.पू. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला ते उद्ध्वस्त झाले होते. तिथल्या मातीच्या पाट्यांवरची लिपी कोणालाच येत नव्हती, पण वर्षभरात ती वाचली गेली. त्या पाट्यांत बआलाची सबंध गाथा निघाली.

त्या गाथेत बआलाला ‘मेघांवर स्वार होणारा’ म्हटले आहे. तो यम म्हणजे समुद्राला हरवतो, साफोन पर्वतावर आपला महाल बांधतो, महालाला खिडकी पाडून ढगांतून गर्जना करतो. मग मोत म्हणजे मृत्यू त्याला गिळतो आणि शेते करपतात. त्याची बहीण अनात मोतला गाठते, तलवारीने चिरते, चाळणीत पाखडते, जाळते, जात्यात दळते, शेतात विखरून टाकते. सारी शेतीचीच कामे. शेवटी देवांचा प्रमुख एल याला स्वप्न पडते की आभाळातून तेल बरसते आहे, ओढ्यांना मध वाहतो आहे, आणि तो ओळखतो की बआल जिवंत आहे. १९३२ साली तिथेच सापडलेली बआलाची शिळा आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्याच्या उगारलेल्या हातात सोटा आहे, आणि दुसऱ्या हातातल्या भाल्याचे दुसरे टोक झाडासारखे फुटलेले आहे. ती वीज, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

इस्राएली लोकांना ही भाषा परकी नव्हती. स्तोत्र ६८ मध्ये मेघांवर स्वार होणारा परमेश्वर आहे. यशया २७ मध्ये ज्या वेटोळ्या सापाला, लिव्याथानाला, परमेश्वर मारणार आहे, तो साप उगारितच्या पाट्यांत लितान या नावाने बआलाच्या हातून मरतो. स्तोत्र २९ तर सबंध वादळाचे आहे: परमेश्वराची वाणी जलांवर गर्जते, लबानोनाचे गंधसरू मोडते, कादेशचे रान हलवते. ती वाणी सात वेळा येते. मूळ बआलाचे स्तोत्र घेऊन त्यात नाव बदलले असावे, असा तर्क एच. एल. गिन्सबर्ग यांनी १९३५ साली मांडला. तो सगळ्यांना पटलेला नाही. मला त्यापेक्षा महत्त्वाचे वाटते ते असे, की स्तोत्रकर्त्याने शेजाऱ्याचा गडगडाट नाकारला नाही. तो ऐकला, आणि त्याचा मालक दुसरा आहे असे सांगितले.

आता अहाब. इ.स.पू. नवव्या शतकातला, उत्तरेकडच्या इस्राएलचा राजा. बायबल त्याची प्रतिमा वाईट रंगवते, पण तो लहान राजा नव्हता. अश्शूरचा राजा शल्मनेसर तिसरा याच्या कुर्ख शिलालेखात, इ.स.पू. ८५३ च्या कर्करच्या लढाईत त्याच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्यांमध्ये अहाबाचे २,००० रथ आणि १०,००० पायदळ नोंदले आहे. त्याची राणी ईजबेल सीदोनच्या एथबाल राजाची मुलगी. हे लग्न समुद्रकिनाऱ्याच्या व्यापाराशी जुळलेली सोयरीक होती, आणि सोयरिकीबरोबर राजधानी शोमरोनात बआलाचे मंदिर आले.

इथे एक बारीक गोष्ट सहज सुटते. अहाबाच्या मुलांची नावे अहज्या आणि यहोराम. दोन्हींत परमेश्वराचेच (याहवेचे) नाव गुंफलेले आहे. म्हणजे अहाबाने परमेश्वराला सोडले नव्हते. त्याला दोघेही हवे होते, आणि प्रजेलाही. शोमरोनात १९१० साली मिळालेल्या, पुढच्या शतकातल्या खापरांवर परमेश्वराच्या नावाची आणि बआलाच्या नावाची माणसे शेजारी शेजारी आढळतात. युद्धाला एक देव, पावसाला दुसरा. दुष्काळी मुलखातल्या शेतकऱ्याची ती भीती होती, तिला नुसता अधर्म म्हणून झटकून टाकू नये. एलीयाचा कर्मेलवरचा सवाल, ‘दोन्हीकडे किती दिवस लंगडत राहणार?’, या माणसांना आहे.

एलीया येतो तोच बआलाच्या वर्मावर घाव घालत. तो म्हणतो, मी सांगेपर्यंत या वर्षांत दंव पडणार नाही की पाऊस. दंव आणि पाऊस दोन्ही, म्हणजे हिवाळाही गेला आणि उन्हाळाही. मग देव त्याला सीदोनच्या हद्दीतल्या सारफथ गावी एका विधवेकडे पाठवतो. ईजबेलच्या माहेरचा हा मुलूख, बआलाचे हक्काचे अंगण. तिथेही दुष्काळ आहे, आणि तिथे मडक्यातले पीठ संपू न देणारा मात्र परमेश्वर आहे. या दुष्काळाला बायबलबाहेरचा एक दुवाही आहे. इ.स.च्या पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस, मेनांदर नावाच्या ग्रीक लेखकाचा हवाला देऊन सांगतो की एथबालाच्या राज्यात वर्षभर पाऊस पडला नव्हता.

कर्मेलचा प्रसंग सावकाश वाचावा. डोंगर समुद्राला टेकलेला. पैज अशी, की वेदीवरच्या अर्पणाला जो अग्नी पाठवील तोच खरा देव. बआलाचे ४५० संदेष्टे सकाळपासून दुपार टळेपर्यंत ओरडतात, नाचतात, अंगावर सुऱ्यांनी वार करून घेतात. ज्याच्या हातात वीज कोरलेली, त्याच्याकडून एक ठिणगीही येत नाही. संध्याकाळच्या अर्पणाच्या वेळी एलीया मोडलेली वेदी बारा धोंड्यांनी उभी करतो, भोवती चर खणतो आणि चार घागरी पाणी लाकडांवर ओतायला लावतो. पुन्हा चार, पुन्हा चार. तिसऱ्या वर्षाच्या दुष्काळात बारा घागरी पाणी मातीत! बघणाऱ्यांच्या पोटात काय कालवले असेल! मग आकाशातून अग्नी पडतो आणि चरातले पाणीसुद्धा चाटून जातो.

चित्रांत आणि प्रवचनांत गोष्ट बहुधा इथेच थांबते. मूळ कथा थांबत नाही, कारण पैज अग्नीची असली तरी दावा पावसाचा आहे. एलीया गुडघ्यांत डोके घालून बसतो, चाकराला समुद्राकडे बघायला पाठवतो. सहा वेळा काही नाही. सातव्या वेळी तळहाताएवढा ढग समुद्रातून वर येताना दिसतो. तिथला पाऊस खरोखरच पश्चिमेहून, भूमध्य समुद्रावरूनच येतो; सांगणाऱ्याला आपले आभाळ पाठ आहे. लगेच अहाबाला निरोप जातो: रथ जुंप, नाहीतर पावसात अडकशील. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या इज्रेल खोऱ्याच्या काळ्या चिकणमातीत पावसात रथ चालत नाही. याच खोऱ्यात, याच कीशोन नदीने कनानी सेनापती सीसराच्या फौजेची वाट लावली होती, असे दबोरेचे गीत (शास्ते ५) सांगते; त्याच्या ९०० लोखंडी रथांचा आकडा आदल्या अध्यायात आहे.

त्याच कीशोनच्या काठी एलीयाने बआलाच्या संदेष्ट्यांना ठार केले, हेही कथेत आहे. वाचताना अंगावर काटा येतो, आणि तो यायला हवा. तिथून पुढचा अध्याय मला सबंध बायबलमधला सर्वांत धाडसी वाटतो. जिंकलेला एलीया ईजबेलच्या धमकीने जीव घेऊन पळतो, होरेब पर्वतावरच्या गुहेत शिरतो. याच पर्वतावर मोशेसमोर गडगडाट, अग्नी आणि भूकंपात देव उतरला होता. आता खडक फोडणारा वारा येतो, पण परमेश्वर वाऱ्यात नाही. भूकंप होतो, त्यातही नाही. अग्नी येतो, त्यातही नाही. मग एक मंद, हलका आवाज येतो, आणि एलीया तोंड झाकून घेतो. कालपर्यंत ज्या अग्नीने बाजी जिंकली तोच अग्नी इथे रिकामा. परमेश्वराला नुसता अधिक बलवान बआल करून टाकण्याचा मोह होताच, आणि कथेने तो तिथेच रोखला.

निसर्गाच्या इतर कथाही या नजरेने वाचल्या की वेगळ्या दिसतात. इजिप्तमध्ये टोळ पूर्वेच्या वाऱ्यावर येतात आणि पश्चिमेच्या वाऱ्याने तांबड्या समुद्रात जातात. समुद्र हटतो तोही रात्रभर वाहणाऱ्या जोरदार पूर्वेच्या वाऱ्याने (निर्गम १४:२१). सांगणारा वाऱ्याची दिशासुद्धा देतो. नैसर्गिक कारण सापडले म्हणजे देव बाहेर गेला, ही विचारसरणी त्याच्या गावीही नाही.

संदेष्ट्यांच्या काळात याच समजुतीला तिखट धार आली. आमोस म्हणतो, कापणीला तीन महिने असताना देवाने पाऊस आवरला, एका गावावर पाडला, दुसऱ्यावर पाडला नाही. आमोसाच्या पुस्तकाच्या पहिल्याच ओळीत उज्जीया राजाच्या काळातल्या भूकंपाचा उल्लेख आहे. हासोरच्या उत्खननात इ.स.पू. आठव्या शतकाच्या मध्यातली कललेली, कोसळलेली घरे निघाली ती त्याच भूकंपाची मानतात. पण आमोसाचे बोट गरिबांना चिरडणाऱ्यांकडे होते, भूकंपात मेलेल्यांकडे नव्हते. ईयोबाच्या पुस्तकात देव विचारतो, जिथे माणूसच राहत नाही त्या रानावर पाऊस कोण पाडतो? येशू म्हणतो, पिता नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर पाऊस पाडतो (मत्तय ५:४५). आणि शिलोहाचा बुरूज पडून मेलेली अठरा माणसे इतरांपेक्षा पापी नव्हती (लूक १३). कुठे पूर आला, भूकंप झाला की लगेच आमोस काढून मेलेल्यांचा हिशेब मांडणाऱ्यांनी ही दोन वचने आधी वाचावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाल्यानंतरही यहुदी प्रार्थनेत पावसाचे स्थान टिकले. यहुदी धर्मनियमांच्या ‘मिश्ना’ या जुन्या संग्रहातल्या ‘तानीत’ या भागात पाऊस लांबला तर उपास कसे धरायचे याचे नियम आहेत. त्या दिवशी धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवण्याचा कोश गावच्या चौकात आणून त्यावर राख टाकत, आणि ‘कर्मेलवर एलीयाला ज्याने उत्तर दिले तो तुम्हांला उत्तर देवो’ असे म्हणत. रोजच्या प्रार्थनेत ‘वारा वाहवणारा, पाऊस पाडणारा’ हे शब्द शरद ऋतूतल्या सणापासून वसंतातल्या वल्हांडण सणापर्यंत म्हणतात.

आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी त्यांची परंपरा आहे. एलीया त्यांच्याकडे एलियाहू हनबी झाला. अलिबागजवळच्या खंडाळे गावच्या खडकावर त्याच्या रथाची खूण दाखवतात, आणि नवस फेडताना, लग्नकार्यात त्याच्या नावाने पोहे, नारळ, साखर आणि फळांची मलिदा होते. जिथे आभाळ दरवर्षी फाटून पडते तिथे एलीयाकडे पाऊस मागण्याची गरज उरली नाही. तो संकटात धावून येणारा झाला. प्रार्थनेतले पावसाचे शब्द मात्र कनानच्याच पंचांगाने चालतात: कोकणातला पावसाळा सरतो, भात कापणीला येते, आणि सिनेगॉगमध्ये ते सुरू होतात.