जुन्या ई-रीडरची भिंतीवरची पाटी

कपाटात वर्षभर पडून राहिलेलं किंडल, म्हणजे ई-पुस्तकं वाचायचं ॲमेझॉनचं यंत्र, बाहेर काढा. पडद्यावर रिकाम्या बॅटरीचं चित्र असेल. गंमत अशी, की ‘चार्ज करा’ असं सांगणारं ते चित्र टिकून राहायला विजेचा एक थेंबही लागलेला नसतो. ई-रीडरची सगळी थोरवी या एका गोष्टीत आहे, आणि म्हणूनच वाचनातून निवृत्त झालेलं हे यंत्र भंगारात द्यायला माझा जीव होत नाही.

या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या लाखो सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पारदर्शक तेल, आणि त्यात तरंगणारे पांढरे व काळे कण. पांढरे कण टायटॅनियम डायऑक्साइडचे, म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतो त्याच पदार्थाचे. पांढऱ्या आणि काळ्या कणांवर परस्परविरुद्ध विद्युतभार असतो. खालच्या इलेक्ट्रोडला साधारण १५ व्होल्टचा धक्का दिला की एक रंग वर येतो, दुसरा तळाशी जातो. आणि एकदा गेले की कण तिथेच राहतात. मोबाइलचा पडदा सेकंदाला साठ वेळा चित्र पुन्हा काढतो आणि उजेडही स्वतःच पाडतो. ई-इंक, म्हणजे ही कणांची शाई, फक्त बदलताना वीज खाते, पुढे खोलीतल्या उजेडावर दिसत राहते, पाटीवर खडूने लिहिलं की ते जसं राहतं तसं.

अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये जोसेफ जेकबसन आणि त्यांचे दोन पदवीचे विद्यार्थी, बॅरेट कॉमिस्की व जे. डी. अल्बर्ट, यांनी ही शाई घडवली. १९९७ मध्ये ई-इंक कंपनी निघाली, २००४ मध्ये सोनीचा लिब्रिए हा ई-रीडर जपानमध्ये आला, २००७ मध्ये किंडल.

आमच्या स्वयंपाकघरात माहितीची पाटी म्हणून फ्रिजशेजारी टांगलेलं किंडल २०११ च्या चौथ्या पिढीतलं आहे. सहा इंची, ६०० गुणिले ८०० ठिपक्यांचं, सोळा करड्या छटांचं. त्यावर वार, तिथी, पावसाची शक्यता, नळाला पाणी कधी येणार आणि आईच्या गोळ्यांच्या वेळा दिसतात. या मॉडेलची बॅटरी ८९० मिलिअँपिअर-तासांची, ३.७ व्होल्टची. गुणाकार केला तर जेमतेम ३.३ वॅट-तास. एवढ्या विजेवर ९ वॅटचा एलईडी दिवा २२ मिनिटं जळेल. आमची पाटी तासाला एकदा बदलते आणि एका चार्जिंगवर सुमारे तीन आठवडे चालते.

हे जमतं ते झोपेमुळे. चित्र उतरवून झालं की यंत्राला झोपवायचं आणि आतल्या घड्याळाला पुढच्या तासाचा गजर लावायचा. सर्वात खादाड असतो तो वायफाय. तो दर वेळी काही सेकंदच चालू राहिला पाहिजे. बरेच जण इथेच चुकतात. वायफाय सतत चालू ठेवतात आणि दोन-तीन दिवसांत बॅटरी उतरली की पडद्याला दोष देतात.

किंडल आणि कोबो हा दुसरा ई-रीडर, दोन्ही आतून लिनक्स या संगणक प्रणालीवर चालतात. पण किंडलवर स्वतःचा प्रोग्राम चालवायला जेलब्रेक करावा लागतो, म्हणजे कंपनीने घातलेलं कुलूप उघडावं लागतं. कोणती पद्धत चालेल हे मॉडेल आणि सॉफ्टवेअरच्या आवृत्तीवर ठरतं, त्यामुळे आधी ते दोन्ही आकडे सेटिंगमध्ये पाहून घ्या. पण यंत्रावर फार काही लादू नका. हवामान आणणं, तिथी काढणं, मांडणी करणं ही कामं घरातल्या दुसऱ्या संगणकाने करावीत. आमच्याकडे रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक करतो. तो करड्या छटांचं एक पीएनजी चित्र तयार करून ठेवतो. किंडल जागं होतं, ते चित्र उचलतं, पडद्यावर उमटवतं आणि पुन्हा झोपतं.

मराठीसाठी तर ही विभागणी वरदानच आहे. चित्र पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या पिलो लायब्ररीने (तयार प्रोग्रामच्या संचाने) काढत असाल, तर तिच्यासोबत राक्म नावाची अक्षरजुळणीची लायब्ररी हवीच. ती नसताना माझ्या पहिल्या चित्रात ‘रविवार’मधली वेलांटी ‘व’च्या नंतर जाऊन बसली होती आणि ‘शुक्रवार’मधला ‘क्र’ फुटून पाय मोडलेला ‘क्’ आणि वेगळा ‘र’ झाला होता. देवनागरीत अक्षरं लिहिण्याचा क्रम एक आणि दिसण्याचा दुसरा; तो फिरवून देणारं कोणी तरी लागतं. ते काम मोठ्या संगणकाने केलं की किंडलला मराठी येण्याची गरजच उरत नाही. त्याच्या लेखी ते नुसतं चित्र.

मध्येच पडद्यावर आधीच्या आकड्यांची पुसट सावली राहते. काही कण पूर्ण सरकलेले नसतात. दिवसातून काही वेळा अख्खा पडदा एकदा काळा, एकदा पांढरा करून घेतला की ती जाते.

बॅटरीकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. जुनी लिथियम बॅटरी कायम चार्जरवर ठेवू नये. पाठ फुगलेली किंवा पडदा वर उचललेला दिसला तर यंत्र लगेच बंद करा, टोचू-दाबू नका, ई-कचरा केंद्रात द्या. शेगडीजवळ आणि थेट उन्हातही पाटी नको.

आणखी एक धडा राउटरने शिकवला. तो रात्री बंद पडला, सकाळी पाटीवर कालचाच मंगळवार होता, अगदी ठळक, स्वच्छ. आईने त्यावर विश्वास ठेवून मंगळवारच्या पाण्याची वेळ धरली आणि बादल्या रिकाम्या राहिल्या. मोबाइल बंद पडला की काळा होतो, पण ई-इंकवर शिळी माहिती ताजीच दिसते. आता किंडलवर एक छोटी तपासणी आहे: नवं चित्र मिळालं नाही, तर आत आधीच साठवलेलं, मोठ्या अक्षरांत ‘माहिती जुनी आहे’ असं लिहिलेलं चित्र लागतं. शिवाय खालच्या कोपऱ्यात शेवटचं चित्र कधी आलं ती वेळ असते. आई चष्मा लावते आणि आधी ती वेळ वाचते.